दोनदा घातलेला बांध

बांध आला आणि कर्करोगानं मरणं संपलं, असं मिरजेत शेंबडं पोरही सांगेल. खोटं नाही ते. तिशी उलटलेल्या माणसाच्या पोटात एखादी गाठ सापडतेच. पण ती जन्मभर मुगाच्या दाण्याएवढी राहते, जागची हलत नाही. पाचव्या वर्षी प्रत्येक मुलाला बांधाची सुई टोचतात, करंगळीच्या नखाला शाई लावतात, की झालं. बदल्यात विळीवर बोट कापलं तर भरायला महिना लागतो. तेवढं लोकांनी सोसलं.

मालन खोतला मात्र आज दवाखान्यात बसवत नव्हतं. शेजारी बसलेल्या लेकीच्या, चैत्रालीच्या, लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूल हवं असलेल्या बाईला ‘मोकळीक’ नावाचं इंजेक्शन देतात; तीन आठवडे बांध उघडतो, गर्भ रुजतो, बांध परत बसतो. साऱ्या जगाचं जमत होतं. चैत्रालीचं चार वेळा फसलं होतं.

“पण गर्भाला आणि बांधाला काय संबंध, डॉक्टर?” मालननं विचारलं.

“मावशी, मटणाला कच्ची पपई लावता ना?” डॉक्टर शिरगुप्पे म्हणाले.

“लावते की. त्याबिगर निबर मटण शिजतंय होय?”

“पपईत प्रथिनं कापणारं वितंचक असतं. बारीक कात्रीच म्हणा. आपल्या पेशी प्रथिनांच्या जाळ्यात बसलेल्या असतात. कर्करोगाची पेशी असल्याच कात्रीनं जाळं कापते आणि रक्तात शिरते. बांध म्हणजे त्या कात्रीचं तोंड दाबून धरणारा रेणू. शरीर तो थोडा बनवतंच, सुईमुळे भरपूर बनवतं. पण गर्भालाही आईच्या कुशीत शिरायला अस्तर कापावं लागतं. कात्री तीच.” त्यांनी कागद पुढे सरकवला. “हिच्या रक्तात बांध दुप्पट आहे. मोकळीक देऊनही निम्मा उरतो. हे झालं कसं, तेच कळत नाही.”

कसं झालं ते मालनला ठाऊक होतं. तिची आई बांधाच्या आधीच्या काळात स्तनाच्या कर्करोगानं तडफडून गेली होती. एका सुईनं भागेल कशावरून? औषध जास्त गेलं तर बरंच की! म्हणून पपईचाच चीक चोळून तिनं पोरीच्या नखावरची शाई काढली होती आणि माहेरी, म्हैसाळला, तिला दुसऱ्यांदा रांगेत उभी केली होती.

“मीच टोचून आणली दोनदा,” ती म्हणाली.

चैत्रालीनं डॉक्टरांना विचारलं, “दोन्ही काढता येतील?”

“येतील, पण कायमचे. परत बसणार नाहीत. आणि तुमच्या यकृतात एक गाठ आहे.”

“मग आधी ती काढा की,” मालन म्हणाली.

“बांध असताना एवढी जखम भरत नाही, मावशी. आणि बांध काढला की गाठ आपली वाट बघत बसणार नाही.”

कायदा असा, की बांध कायमचा काढायचा तर तो लहानपणी ज्या पालकानं घालायला लावला त्याचीही सही लागते. मालननं आठ दिवस सही केली नाही. चैत्राली भांडली नाही. नवव्या दिवशी येऊन आईच्या पायरीवर बसली.

“आई, तुझ्या भीतीपायी तू दोनदा घातलास. आता माझ्यापायी एकदा काढ.”

मालननं सही केली.

बांध उतरला, बाहेर तयार केलेला गर्भ कुशीत सोडला. त्यानंतर रोज रक्त तपासायचं होतं: कात्रीचा आकडा वाढला की काहीतरी रुजू लागलं. सहाव्या सकाळी चैत्रालीचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं. आकडा तिपटीनं चढला होता.

मालननं लगेच डॉक्टरांना फोन लावला; तो लागला दुपारी. “बाळाचाच ना हो?”

“गर्भाची तपासणी अजून चार दिवसांनी, मावशी.”

“पण ही कात्री कुणाची, ते रक्तात दिसतंय की नाही?”

“नाही दिसत. गर्भाची आणि गाठीची एकच असते.”

तोवर मागच्या दारी चैत्राली आली होती, पेढ्यांचा पुडा घेऊन. मालननं फोन ठेवला आणि लेकीनं भरवलेला पेढा तोंडात धरून ती तशीच उभी राहिली.