मुंडकं नसलेली कोंबडी

त्या दिवशी मी दुकानात मीठ आणायला गेले होते. येताना पिशवीत एक सोललेली, गोठवलेली कोंबडीही घेऊन आले. बसा ना, खुर्ची इकडे ओढून घ्या. सांगते.

रस्ता रुंद करायला वेशीवरचं ओकचं झाड पाडायचं होतं. पिकं नीट यावीत म्हणून दरवर्षी पाद्रीबाबा त्याच्याच सालीवर क्रूस कोरायचे. त्याला करवत लावायला पंचक्रोशीत कुणी धजेना. माझा नवरा व्हिदोये तयार झाला. रिवाज त्यालाही ठाऊक होता. असं झाड पाडणाऱ्याने त्याच खुंटावर जिवंत कोंबडीचं मुंडकं उडवायचं. नाहीतर ते झाड पाडणाऱ्याचंच मुंडकं घेतं.

"तुझी शार्का दे," तो म्हणाला.

शार्का माझी ठिपक्यांची कोंबडी, रोज अंडं देणारी. मी पिशवी पुढे केली. "ही ने. कोंबडी ती कोंबडी. झाडाला काय कळतंय?"

"किती चिकट गं तू, ल्युबिंका!" तो हसला आणि तीच घेऊन गेला.

परतला तेव्हा त्याने घासही तोंडात घातला नाही.

"ढोलीत घुबडाची पिल्लं होती," तो म्हणाला. "करवत चालू असताना फुसफुसत होती... मला वाटलं, वारा आहे."

दुसऱ्या दिवसापासून तिन्हीसांजेला आमच्या अक्रोडावर दोन घुबडं येऊन बसू लागली. आवाज नाही, हालचाल नाही. खिडकीतून फक्त व्हिदोयेकडे बघत राहायची. घरात ओल्या सालीचा वास भरला. त्या झाडाची ढलपीसुद्धा आम्ही घरी आणली नव्हती, तरीही. मग व्हिदोयेची मान आखडली. तो मफलर गुंडाळून बसू लागला. हात लावू देईना.

शेजारच्या स्टोयाना आजीने मला कुंपणापाशी गाठलं.

"खुंटावर काय दिलंत गं?"

"कोंबडी."

"जिवंत?"

मी कुंपणाचा खिळा चाचपू लागले.

"अगं बये, निदान मुंडकं तरी होतं का तिला?"

नव्हतं. दुकानातल्या कोंबडीला कुठलं मुंडकं! आजीने छातीवर क्रुसाची खूण केली आणि मागे न बघता घरात गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका अंड्यापायी मी माझ्या माणसाची मान पुढे केली होती.

शार्काला काखेत आणि कुऱ्हाड हातात घेऊन मी तशीच धावत सुटले. धुकं उतरलं होतं. वेशीवर खुंट नव्हताच, त्या जागेवर डांबर पडून रोलर फिरला होता. अंदाजाने एक जागा धरली. शार्का ओरडलीसुद्धा नाही. कुऱ्हाड मारली तेव्हा डांबराखालून फुसफुस ऐकू आली... बारीक, भुकेली.

घरी आले. व्हिदोये चुलीकडे तोंड करून बसला होता.

"दिली रे मी," मी दारातूनच म्हणाले. "शार्का दिली. माझं चुकलं..."

"उशीर केलास," तो म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे वळून पाहिलं.

खांदे चुलीकडेच होते, चेहरा मात्र सरळ पाठीवर.

मी किंचाळले नाही. कुठल्या तोंडाने किंचाळणार? तेव्हापासून त्याला घास भरवते, मफलर नीट करते. तो काही बोलत नाही, फक्त बघतो.

बरं, निघा आता, अंधार पडेल. अंगणात अक्रोडाखाली तो पाठमोरा बसलेला दिसेल. मुकाट्याने निघून जा. त्याला हाक मारू नका.