एका ठशावरची दोन नावं

रविवारी दुपारी तीन वाजता गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका देवळामागे पाऊस आला. वीरगळावर, म्हणजे वीराच्या स्मारकशिळेवर, लेखाच्या ठशासाठी ओला करून चिकटवलेला कागद अजून वाळला नव्हता.

कागद प्रमोदिनीचा. कॉलेजच्या इतिहास मंडळात एकच जागा उरली होती आणि दोघांचे गुण सारखे. अशा वेळी मंडळाचा रिवाज ठरलेला : दोघांनी एकाच शिलालेखाचा ठसा आपल्या हातानं घ्यायचा, ज्याचा स्वच्छ, त्याची जागा. निवड झाली तर एम.ए., नाहीतर दिवाळीनंतर स्थळं बघायची, असं तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं.

दुसरा उमेदवार कृष्णात. तो मागं उभा राहून आपल्या पाळीची वाट बघत होता. छत्री त्याच्याकडेच होती.

तिनं कागदावर पदर धरला. तो पुरेना. मग अचानक तिच्या आणि दगडाच्या वरचा पाऊस थांबला...

"पावसानं कागद सुटला तर जागा तुमचीच," ती वर न बघता म्हणाली.

"व्हय की. म्हणून तर हात दुखायलाय."

"मग धरलीत कशाला?"

"सातशे वर्षं भिजतोय बिचारा. एक दिवस कोरडा ऱ्हाऊ दे."

"म्हणजे दगडासाठी..."

"तर. जवळ कोण बसलंय, मी न्हाय बघितलं." तो डोंगराकडे बघत होता. त्याचा डावा खांदा निथळत होता.

कागद वाळत आला तशी ती शाईचा बोळा हलकेच फिरवू लागली. काळ्यातून पांढरी अक्षरं उमलत गेली. एक शब्द ती वाचायची, पुढचा तो... एका शब्दावर दोघांचे आवाज एकदम आले, आणि दोघंही थांबले.

"आता तुमचा ठसा," ती म्हणाली.

"शेवटची एसटी आली की."

मंगळवार पेठेजवळ ती उतरली तेव्हाही पाऊस होता. त्यानं खिडकीतून छत्री पुढं केली.

सोमवारी मंडळाच्या सरांनी ठसा उजेडात धरला. "कोपऱ्यात दोन नावं? जागा एक आहे."

"कागदही एकच आहे, सर," प्रमोदिनी म्हणाली.

सरांनी ठसा कपाटात ठेवला.

व्हरांड्यात कृष्णातनं तिला गाठलं. "माझं नाव कशाला घातलं? घरी काय सांगणार हायसा?"

"खरं ते. छत्री तुमची होती."

"मग छत्रीचं नाव घालायचं."

"छत्रीनं वाचलं नव्हतं माझ्याबरोबर —"

 त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

बुधवारी संध्याकाळपर्यंत मंडळाच्या फळ्यावर नाव लागलेलं नव्हतं. छत्री प्रमोदिनीनं परत केलेली नाही. त्यानंही मागितलेली नाही.