ऑलिव्हचा नवस

साउथहॅम्प्टनमधल्या आमच्या गल्लीतल्या दुकानात पातळ पोह्यांचं एकच पाकीट उरलं होतं आणि त्यावर दोन हात एकदम पडले. एक माझा. दुसरा एका उंच, दाढीवाल्या, मधाळ डोळ्यांच्या तरुणाचा... मी घाईनं सॉरी म्हटलं, तर तो म्हणाला, "घे गो, तूच घे."

मी पुण्याची वैभवी, बंदरावरच्या शिपिंग ऑफिसात कामाला. मला आजवर कुणी 'गो' म्हटलं नव्हतं. त्याचं नाव एलदाद चेऊलकर. आजी-आजोबा अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, हा जन्मला इस्रायलमध्ये, आणि मराठी थेट आजीकडून उचललेली. पोहे अर्धे-अर्धे वाटून घ्यायला आम्ही कॅफेत जाऊन बसलो. इतकं कोण करतं? आम्ही केलं.

दर रविवारी तो बाजारात ऑलिव्हच्या तेलाचा स्टॉल लावायचा. झाडं निदाल नावाच्या पॅलेस्टिनी शेतकऱ्याची, नाब्लसजवळच्या गावातली. बाटल्या आणि विक्री एलदादची. बाटलीवर दोघांची नावं शेजारी-शेजारी. मी मदतीला जाऊ लागले... म्हणजे मदत कमी आणि त्याच्याकडे बघणंच जास्त. कुणी निदालचं नाव वाचून बाटली उचलायचं आणि एलदादचं वाचून परत ठेवायचं, कुणी नेमकं उलट. एलदाद दोघांनाही तेलात बुडवलेला पाव द्यायचा. "मोठे लोक शांततेच्या करारावर सह्या करतील तेव्हा करतील," तो म्हणायचा, "तोवर आमची दोन घरं तरी एकमेकांमुळे चालू देत."

पण गाझात युद्ध सुरू झाल्यापासून तेल येणं अवघड झालं होतं. साठा संपत आला, तसा तो नवस बोलला. तेल बंदरात उतरलं की मलिदा करायचा. म्हणजे त्यांच्या एलियाहू नबीच्या, प्रेषिताच्या नावानं गोड पोहे, खोबरं आणि फळांचं ताट.

"आणि मग इथंच घर बघीन," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तू जेवायला येशील ना?"

"फक्त जेवायला?"

त्याचे कान लाल झाले. मला त्या दिवशी घरापर्यंत पावसाची भुरभुर जाणवलीसुद्धा नाही.

सप्टेंबरात ऑफिसच्या स्क्रीनवर दिसलं, ज्या कंटेनरमधून तेल यायचं तो उतरला होता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, नारळ खवला, पोहे कालवले, फळं चिरली आणि ताट घेऊन त्याच्या दारात उभी राहिले. आमच्याकडे प्रसाद कुणीही करतं, त्यात काय विचारायचं, असं मला वाटलं.

त्यानं ताटाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"कंटेनरमध्ये दुसऱ्यांचा खजूर आलाय," तो म्हणाला. "निदालचं तेल गावातून निघालंच नाही. आणि नवस फळल्याशिवाय आमच्यात मलिदा करत नाहीत, वैभवी."

मग त्यानं सगळं सांगितलं. रस्ता बंद होता. पुढच्या महिन्यात फळं उतरवायची, पण शेजारच्या इस्रायली वसाहतीतले लोक निदालला त्याच्याच झाडांपाशी जाऊ देत नव्हते. सोबत एखादा इस्रायली उभा असला तर कधीकधी जाऊ देतात. निदाल मात्र येऊ नको म्हणत होता. एलदादशी धंदा करतो म्हणून गावातलेही त्याच्याशी धड बोलत नव्हते. तरी एलदादला जायचं होतं. परत कधी येशील, विचारलं तर म्हणाला, माहीत नाही... झाडं राहिली तर तेल, तेल असेल तर इथलं काम.

"पण तू 'थांब' म्हण," तो हळूच म्हणाला. "मी थांबेन."

माझं त्याच्यावर प्रेम होतं. तसं मी त्याला सांगितलं, तिथंच, दारात, ताट हातात धरून. त्यानं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही. 'थांब' अगदी ओठांवर आलं होतं. पण मला निदाल दिसत होता. एकदा व्हिडिओ कॉलवर मुलीला मांडीवर घेऊन मला तेलाची चव कशी घ्यायची ते शिकवणारा.

"जा," मी म्हटलं.

कोच स्टेशनवर भुरभुर चालूच होती. त्यानं माझा हात घट्ट धरला, मग सोडला आणि बॅग उचलून विमानतळाच्या बसकडे चालू लागला. एकदाही मागे वळला नाही. बरंच झालं... वळला असता तर मी हाक मारली असती.