मंगळवार पेठेतला जमाखर्च

“पावणं, आठ आणे द्या, न्हायतर पेरू ठिवा खाली!”

कपिलतीर्थ बाजारात चिमणाबाई पेरूवालीनं दरडावलं आणि समोरचा उंच तरुण खरंच आठ आणे काढू लागला. शेजारी उभ्या पद्मजाला राहवलं नाही.

“अहो, चार आण्यांच्या वर एक पैसा देऊ नका!”

“तुझं काय जातंय गं पोरी?” चिमणाबाई कडाडली.

तरुण हसला. त्याच्या बोटांना निळा रंग लागला होता... तिन्हीसांजेच्या आभाळाचा असतो तसा.

“मी नृसिंह. सिनेमाच्या स्टुडिओत पडदे रंगवतो. पगार पंधरवड्यातच उडतो हो माझा... तुमच्या घरी कसा पुरतो?”

“रोजचा खर्च लिहिल्यानं,” ती म्हणाली आणि उगाचच लाजली.

घरचा कारभार तीच बघे. वडील, अप्पा, शाळामास्तर. माणूस मायाळू, पण हात सैल. मागेल त्याला देत, आणि महिनाअखेर डबे रिकामे. आईच्या पाटल्यासुद्धा सावकाराकडे गेल्या होत्या. आई गेल्यावर पद्मजानं दूध, तेल, अप्पांचं पान— सगळं वहीत मांडायला घेतलं. कुठं गळतंय ते दिसलं, तिथं बोट ठेवलं. पाटल्या परत आल्या, त्या दिवशी अप्पा देवापुढं नुसते बसून राहिले होते.

पुढं हिवाळाभर रंकाळ्याच्या काठावर दोघांची गाठ पडू लागली. गुऱ्हाळांचा गोड वास वाऱ्यावर तरंगत असे.

“सांगा, आजचा खर्च?”

“चहा, एक आणा. आणि... अबोलीचा गजरा, दोन आणे.”

“गजरा? कुठाय?”

“तुम्ही रागवाल म्हणून खिशातच सुकला.”

तिनं मान वळवली. पाण्यावर चांदणं हलत होतं— की तिच्याच पापण्या?

“पद्मजा... माझं घर सांभाळाल?”

होकार अगदी ओठांवर आला होता. “मी गेले तर अप्पांचं पुन्हा...” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “सगळं वाहून जाईल हो.”

“मी थांबेन,” तो म्हणाला.

एका रविवारी अप्पांचे जुने स्नेही दारात आले. नृसिंहवाडीला जायचंय, पंचवीस रुपये हवेत. आत पद्मजा हातातलं काम टाकून दाराआड आली. अप्पांचा हात खिशाकडं गेला... आणि खाली आला.

“जमायचं नाही. पोरीनं सावरलेलं घर आहे, मला पुन्हा मोडायचं नाही.”

पाहुणे गेल्यावर ते आत आले. “उद्यापासून खर्च मी लिहीन. चुकलो तर कान धर.” मग हळूच म्हणाले, “आणि तो रंगीत बोटांचा मुलगा... त्याला आज जेवायला बोलाव. अख्ख्या पेठेला ठाऊक आहे, मला नसेल?”

पद्मजा स्टुडिओच्या फाटकाशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. निरोप मिळताच नृसिंह कुंचला हातात घेऊनच बाहेर आला.

“हो,” ती एवढंच म्हणाली.

“कशाला हो?”

“तुम्ही विचारलं होतंत... त्याला.”

नृसिंहाच्या हातातला कुंचला गळून पडला. ती हसली आणि तिनं दोघांसाठी टांग्याला हात केला.

“मंगळवार पेठ. रंकाळ्याला वळसा घालून घ्या.”

“लांबनं पडंल की ताई! पैसं लई हुतील.”

“होऊ द्यात,” पद्मजा म्हणाली.