पहिली दाढ

"अजून किती दात राहिलेत?" टिल्लूने ब्रश खाली ठेवत विचारलं.

"मोजू नकोस, घास," ताई म्हणाली. तिचेही हात भरून आले होते. सुट्टीत मावशीकडे जायचं म्हणून दोघं भावंडं उड्या मारत निघाली होती. पण मावशीच्या प्रयोगशाळेत जुन्या सांगाड्यांच्या दातांवरची माती काढता काढता पार मेटाकुटीला आली होती.

मावशी तर खुर्चीतच पेंगत होती. बंदराजवळ एका बाईचा सांगाडा सापडला होता. दात बनताना आपण जे पाणी पितो, त्याची खूण दातात कायमची राहते. डोंगरातल्या पाण्याची वेगळी, किनाऱ्यावरच्या पाण्याची वेगळी. या बाईच्या दाढेत किनाऱ्याची खूण मिळाली होती. 'जन्म इथलाच' अशी पाटी संग्रहालयाच्या साहेबांनी रंगवूनही घेतली होती. उद्या सांगाडा परत पुरायचा होता.

साहेब सांगाड्याची पेटी बंद करायला आले, तेव्हा ताई त्या बाईचा जबडा निरखत होती.

"मावशी, ही तर अगदी मागची दाढ काढलीये."

मावशी खडबडून उठली. "साहेब, मला नुसता चुरा मिळाला. मी पहिली दाढ मागितली होती."

"ती घट्ट होती. मागची हलत होती, तिचाच चुरा पाठवला. दाढ ती दाढ. आता फाटे फोडू नका."

टिल्लू झाकणाला टेकून उभा राहिला. "साहेब, तुम्हाला अक्कलदाढ कधी आली?"

"कॉलेजात. का रे?"

"मग तिला तुमचा जन्म कुठला ते कसं कळणार?"

साहेबांनी पेटीवरचा हात काढला.

"ती हिरडीच्या आत दहाव्या वर्षाच्या आसपास बनत असते," मावशी दमलेल्या आवाजात म्हणाली. "पहिली दाढ मात्र तान्हेपणी. तीच तपासायला हवी."

पुरणं लांबणीवर पडलं. पुढच्या आठवड्यात निकाल आला. पहिल्या दाढेत दूरच्या डोंगरांची खूण होती.

साहेब स्वतः आले. "पाटी बदलतोय. पोरांनो, तुम्ही माझी लाज राखलीत," त्यांनी टिल्लूची पाठ थोपटली.

ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. "म्हणजे ती माझ्याएवढी, दहा वर्षांची असताना घर सोडून इथे आली?"

"जवळपास, किंवा त्याहूनही लहान."

"कोणाबरोबर?"

मावशीने तिला जवळ ओढलं. "ते दात सांगत नाहीत गं."

ताईने जबडा कापसात अलगद ठेवला. मग हात धुतले आणि आईला फोन लावला.