वरवंटा काढला ती दुपार

पटवून घ्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, स्मशान नाही. सन १९९७, जानेवारी महिना. नाताळचा तारा अजून ओटीवरून उतरवलेला नव्हता. वसईच्या पश्चिमेला केळीच्या वाडीतलं घर. भर दुपार, लख्ख ऊन.

गावाचं नाव सांगत नाही. माणसं अजून तिथे राहतात.

घडलं ते माझ्या भाचीच्या, क्लेमेंटीनच्या बाबतीत. तिनं सांगितलं तसं सांगतो. त्यांचं बोलणं घरच्या बोलीतलं, ते सगळ्यांना कळेल असं करून लिहितो.

क्लेमेंटीनला आठवा महिना लागला होता. पहिलंच बाळंतपण. पण लक्षणं बरी नव्हती. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. सकाळी उठली की चेहरा ओळखू यायचा नाही. पोट मात्र सहाव्या महिन्याएवढंच.

डॉ. सरोजिनी बाईंनी तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं.

"तुझा रक्तदाब चढलाय. लघवीतून प्रथिनं जातायत. वारेतून बाळाला पुरेसं रक्त मिळत नाही, म्हणून त्याची वाढ खुंटलीय. आजच दाखल हो."

बरोबर सासू होती, कार्मिन. घरात सगळे तिला बय म्हणत. वाडी एकटीने सांभाळणारी बाई. तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

"रविवारी मुलाला सुट्टी आहे," बय म्हणाली. "तेव्हा बघू."

डॉक्टरीणबाईंनी खूप समजावलं. शेवटी बाळाची फुप्फुसं लवकर पक्की व्हावीत म्हणून इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या, आणि क्लेमेंटीनचा हात धरून बजावलं.

"डाव्या कुशीवर पडून राहा. जेवलीस की बाळाच्या हालचालींवर लक्ष ठेव. पोट गप्प वाटलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर रविवारची वाट बघू नकोस. तशीच उठून ये."

घरी आल्यावर बय मुलाला, क्लेमेंटीनच्या नवऱ्याला रुडॉल्फला, ऐकवत होती.

"काय काय सांगितलंय हिला! लाथा मोजायच्या म्हणे. आम्ही काय घड्याळ लावून बाळंत झालो? ती डॉक्टरीण हिला रेडिओ समजते. येता-जाता पोटाला कान लावते."

रुडॉल्फ हसला. मग त्याने बायकोकडे पाहिलं.

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, क्लेमू," तो म्हणाला.

क्लेमेंटीनला एक गोष्ट माहीत होती. त्या घरातली पहिली सून, रुडॉल्फच्या थोरल्या भावाची, लुईसची बायको ज्युली, अशीच सुजली होती. अशाच आठव्या महिन्यात स्वयंपाकघरात पडली. हातपाय वाकडे झाले, तोंडाला फेस आला. घरच्यांनी दारं लावून घेतली. कुणी जपमाळ धरली, कुणी पवित्र पाणी शिंपडलं. दिवस मावळेपर्यंत तिला झटके येत राहिले, मग ती गेली.

पोटातलं पोटातच राहिलं. लुईस आखातात गेला तो परत आला नाही.

क्लेमेंटीनने हे आधीच्या एका तपासणीत डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "झटके म्हणजे बाधा नव्हे. रक्तदाब फार चढला की येतात. वेळेत आणली असती तर..."

आणि त्यांनी औषधांची चिठ्ठी लिहायला घेतली.

हे क्लेमेंटीनने तेव्हाच रागाच्या भरात जेवताना बोलून दाखवलं होतं. बयने हातातलं ताट आपटलं.

"तिला बाहेरचं लागलं होतं! माझ्या डोळ्यांदेखत मेली ती. तुझी डॉक्टरीण होती का तिथे?"

त्या दिवसापासून बय सुनेशी सरळ बोलेनाशी झाली. बोलायचं ते भिंतीशी.

आता पाळण्याचं सांगतो.

त्या घरात जुनी रीत होती. सातव्या महिन्यात सागवानी पाळणा माळ्यावरून उतरवून मधल्या खोलीच्या तुळईला टांगायचा. पण रिकामा नाही. रिकामा पाळणा कुणाला तरी बोलावतो म्हणतात. म्हणून वरवंटा धुऊन, दुपट्यात गुंडाळून, बाळासारखा आत निजवायचा. बाळ घरी येईपर्यंत तो हलवायचा नाही.

ज्युलीच्या वेळी टांगलेला तोच पाळणा. तिच्या बाळाचं अंग त्याला लागलं नव्हतं.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी वीज गेली. मिक्सर बंद. बयला कालवणासाठी खोबरं वाटायचं होतं. ती मधल्या खोलीत आली. क्लेमेंटीन पलंगावर डाव्या कुशीवर पडलेली.

बयने पाळण्यातून वरवंटा काढला. दुपटं काठावर टाकलं.

"बय, तो नका काढू."

"जरा वाटण करते आणि ठेवते," बय भिंतीला म्हणाली. "दगड काय पळून जातो?"

वाटणाचा आवाज आला. घस्स... घस्स... मग थांबला. मागच्या दारी केळी विकत घेणारा व्यापारी हाक मारत होता. बय तिकडे गेली.

वरवंटा पाट्यावरच राहिला.

क्लेमेंटीनने पोटावर हात ठेवला. बाळ हळूच हललं. मग पुन्हा. तिला बरं वाटलं.

आणि मग...

कुईं.

तिने मान वळवली. पाळणा स्थिर होता. वारा नव्हता. खिडकीबाहेर केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

कुईं... कुईं...

आता पाळणा हलत होता. सावकाश. कुणीतरी बाळाला निजवावं तसा.

आणि पोट गप्प झालं.

तिने पोट दाबलं. काही नाही. बाजू बदलली. काही नाही. पाळणा झुलत होता, आणि पोटात दगड ठेवल्यासारखं झालं होतं.

पाळणा थांबला.

पोटात एक लाथ बसली. जोरात. घाबरल्यासारखी.

क्लेमेंटीनला रडू आलं. तिने मनाशी म्हटलं, योगायोग आहे.

कुईं...

पुन्हा गप्प.

मग तिला पाळण्याची दोरी दिसली. दोरी खाली लोंबत नव्हती. ताणलेली होती. थेट स्वयंपाकघराच्या दाराकडे, गुडघाभर उंचीवर. तिथे जमिनीवर बसलेल्या कुणाच्या तरी हातात टोक असावं, तशी.

दारात कुणीही नव्हतं.

पण गुणगुणणं ऐकू आलं. बाईचा आवाज. शब्द नव्हते. मध्येच जीभ दाताखाली यावी तसा तो आवाज अडखळायचा, आणि पुन्हा सुरू व्हायचा.

क्लेमेंटीनचं डोकं फुटायला आलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"बय!"

बय धावत आली. उंबऱ्यावरच थिजली. तिनेही दोरी पाहिली.

ती वळली, पाट्यावरचा वरवंटा उचलला, तसाच खोबऱ्याने माखलेला आणून पाळण्यात ठेवला.

पाळणा थांबला.

मग वरवंटा आतून कुणी तरी ढकलावा तसा काठावरून बाहेर पडला. फरशीचा आणि वरवंट्याच्या एका टोकाचा टवका उडाला. वरवंटा गडगडत बयच्या पायाशी येऊन थांबला.

कुईं... कुईं... आता जोरात.

"ज्युली," बय म्हणाली.

गुणगुणणं थांबलं.

"ज्युली, पोरी, हिला सोड."

दोरीला असा हिसका बसला की तुळईवरची धूळ खाली आली.

बयने दोन्ही हातांनी पाळणा पकडला. वाडीत कुदळ चालवलेले हात ते. तरी तिचे पाय फरशीवरून घसरत होते. ती खिडकीकडे तोंड करून ओरडली.

"मार्सेल! टेम्पो काढ! हिला दवाखान्यात ने!"

मार्सेल शेजारचा. केळीचे घड भरून टेम्पो उभाच होता. त्याने अर्धे घड रस्त्यावर लोटून दिले. तो शेजारच्या दोन बायकांना घेऊन आत आला आणि त्यांनी क्लेमेंटीनला उचललं.

"बय, तुम्ही चला," क्लेमेंटीन म्हणाली.

"मी हात काढला तर तुझं पोर हिच्या हातात जाईल," बय म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती सुनेकडे बघून बोलत होती. "जा. आणि त्या डॉक्टरणीचं सगळं ऐक."

मार्सेलने पाळण्याकडे पाहिलं. मग क्लेमेंटीनला केळीच्या पानांवर निजवून टेम्पो पळवला.

दवाखान्यात डॉ. सरोजिनी बाईंनी यंत्र पोटावर ठेवलं. बाळाच्या ठोक्यांचा आवाज खोलीभर झाला. धावत असायला हवे होते ते ठोके. ते चालत होते. मग रांगायला लागले.

"ठोके मंदावतायत. टेबलावर घ्या," बाई म्हणाल्या. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, रक्तदाब उतरवायचं औषध लावलं. पाठीत सुई देऊन कमरेखालचं बधिर केलं.

क्लेमेंटीन जागी होती. वर दिव्याचा गोल होता. आणि त्या खोलीत, जिथे पाळणा नव्हता, तिला ऐकू आलं...

कुईं.

"आवाज येतोय," ती म्हणाली.

"कसला आवाज?" नर्सने विचारलं.

कुईं... अर्ध्यात तुटला. कुणीतरी पाळणा छातीशी धरल्यासारखा.

त्याच वेळी बाळ रडलं. मांजराच्या पिल्लासारखं, बारीक. मुलगी होती. नर्सच्या ओंजळीत मावली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

"वार अर्धी सुकलेली होती," बाई नंतर म्हणाल्या. "अजून थोडा उशीर झाला असता तर दोघींपैकी कोण वाचलं असतं, सांगता येत नाही."

संध्याकाळी रुडॉल्फ कामावरून थेट दवाखान्यात आला, मग घरी गेला. बय मधल्या खोलीत तशीच उभी होती. पाळणा छातीशी, दोरी मुठीला गुंडाळलेली. तळहाताची सालं निघाली होती. बोटं सोडवायला दोघे लागले.

"मुलगी झाली, बय. जगली."

बयने मान हलवली.

"ती एकच विचारत होती," बय म्हणाली. "सारखी तेच. 'माझ्या वेळी टेम्पो नव्हता का?'"

"मग तू काय सांगितलंस?"

बयने हाताकडे पाहिलं.

"मार्सेलचा टेम्पो तेव्हाही होता," ती म्हणाली.

पोरीला आम्ही लाडाने सोनू म्हणायला लागलो. तेच नाव राहिलं. आता बारा वर्षांची आहे. अंगाने किरकोळ, पण चपळ.

पाळणा काढायला सुतार आणला होता. त्याने कडी काढायला हात लावला आणि शाळेत सोनू भोवळ येऊन पडली. पुन्हा कुणी प्रयत्न केला नाही. पाळणा तिथेच टांगलेला आहे. आत वरवंटा, दुपट्यात गुंडाळलेला. चटणीसाठी दुसरा वरवंटा विकत आणला. रोज झोपण्याआधी बय पाळणा चाचपून बघायची.

गेल्या पावसाळ्यात बय वारली.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ. क्लेमेंटीन बाजारात, रुडॉल्फ कामावर. वीज गेलेली. स्वयंपाकघरात पाट्यावर हिरवी चटणी वाटलेली होती. सोनूनेच वाटली असणार. पोरीला हौस आहे.

पाट्यावर वरवंटा होता. त्याच्या एका टोकाचा टवका उडालेला होता.

नवा वरवंटा कोपऱ्यात कोरडा पडला होता.

मी मधल्या खोलीत गेलो. दुपटं पाळण्याच्या काठावर टाकलेलं. सोनू पलंगावर झोपलेली. डाव्या कुशीवर.

"सोनू," मी हाक मारली.

उठली नाही.

मी पाळण्याला हात लावला. आत काही नव्हतं, मी वाकून पाहिलं. पण तो जड होता. भरल्या पाळण्यासारखा जड.

मी दोन्ही हातांनी धरला. क्लेमेंटीन येईपर्यंत सोडला नाही. तिने वरवंटा धुऊन आत ठेवला तेव्हा सोनूने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

त्या दिवशी निभावलं. पण माझे हात म्हाताऱ्याचे आहेत, बयसारखे नाहीत. आणि मी धरून उभा होतो तेव्हा दोरीला पलीकडून ओढ होती. एका हाताची नव्हती ती.

दोघींची होती. त्यातली एक ओढ कुदळ चालवलेल्या हातांची होती.