न झिजलेला तुकडा

एक कोडं घालते. आमच्या ‘सातेरी’ नावाच्या होडीच्या मागच्या अंगाला, पाण्याखाली, मुठीएवढा धातूचा एक तुकडा दोन स्क्रूंनी बसवलेला होता. सहा महिने खाऱ्या पाण्यात राहून होडीचं बाकी सगळं थोडंफार झिजलं, पण हा तुकडा मात्र जसाच्या तसा, पिवळाधमक. आता सांगा, होडीवरची सगळ्यात ठणठणीत वस्तू कुठली? तुम्ही म्हणाल, तो तुकडा. मीही तेच म्हणत होते आणि तिथेच आमची फसगत झाली. उत्तर आधीच ठाऊक असेल त्यांनी गप्प बसावं, इतरांची मजा घालवू नये.

मी शेवंती कुबल, सातवीत आहे. आमची वाडी खाडीच्या या काठाला आणि शाळा त्या काठाला. वाडीतल्या नऊ मुलांना शाळेत नेण्या-आणण्याचं काम माझी आई करते. आमच्या घरी आम्ही दोघीच. ‘सातेरी’ उन्हावर चालते, म्हणजे छपरावरच्या काळ्या तावदानांनी दिवसभर ऊन खायचं आणि ते विजेच्या रूपात बॅटरीत साठवायचं. मोटर होडीच्या पोटात असते आणि पंखा बाहेर पाण्यात. त्या दोघांना जोडणारा एक जाडजूड पाय होडीच्या मागच्या फळीतून बाहेर येऊन पाण्यात उतरतो. या रचनेला स्टर्नड्राइव्ह (पोटात मोटर आणि पाठीमागे पाण्यात पाय, अशी होडी चालवायची जोडणी) म्हणतात. पायाच्या आत तेलात बुडालेली दातेरी चाकं असतात. मोटरचं फिरणं ती खाली पंख्यापर्यंत पोचवतात. आम्ही घरात त्याला नुसतं ‘पाय’ म्हणतो.

संक्रांत झाली आणि पाय कण्हायला लागला. मग होडी मधेच बंद पडू लागली. तिसऱ्या वेळी तर आम्ही डब्यांच्या झाकणांनी वल्हवत शाळा गाठली आणि पहिला तास बुडाल्याचा आनंद कुणीही लपवला नाही. पण त्याच संध्याकाळी आईच्या फोनवर निरोप आला. सोमवारी सकाळी होडीची चाचणी होणार होती. होडी नापास झाली तर फेरी बंद आणि वाडीतली नऊही मुलं तालुक्याच्या वसतिगृहात.

माझा आनंद तिथेच मावळला. वसतिगृहात म्हणे शनिवारी शिरा असतो. असेना. संध्याकाळी आई एकटीच जेवायला बसली आहे, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

होडी बनवणाऱ्यांचा मेकॅनिक पंधरा दिवसांनी येणार होता. आईने वाट पाहिली नाही. शनिवारी सकाळी वाडीतल्या माणसांनी होडी ओंडक्यांवरून ओढत आमच्या अंगणात आणली आणि मी कुर्लोबाला बोलवायला धावले.

कुर्लोबा हा यंत्रमानव आहे, पण माणसासारखा मुळीच दिसत नाही. सहा पायांच्या कुर्लीसारखा, म्हणजे खेकड्यासारखा दिसतो आणि तिरकाच चालतो. बारा वर्षं त्याने बंदरात पाण्याखाली उतरून जहाजांचे तळ तपासले. मग त्याच्या कवचातून आत पाणी शिरायला लागलं, एक पाय लुळा पडला, पाठीवर पांढरी पूड धरली. ‘म्हातारा झाला’ म्हणून त्याला आमच्या मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये धाडून दिलं. आता तो पाण्यात उतरत नाही, कोरड्यावर बसून सल्ले देतो. सल्ले द्यायला सहा पाय लागत नाहीत, असं तो स्वतःच म्हणतो.

“ताई, रुग्ण कधीपासून कण्हतोय?” त्याने आईला विचारलं.

“संक्रांतीपासून,” आई म्हणाली. “आदी जोरात नेली काय कण्हायचो. आता हळू नेली तरी कण्हता.”

“ठीक. आधी ऐकायचं, मग बघायचं, मग उघडायचं. हा क्रम उलटा केला की शेवटी हातात जास्तीचे स्क्रू उरतात.”

मी एकदा आमचं भिंतीवरचं घड्याळ उलट्या क्रमाने दुरुस्त केलं होतं, म्हणून लगेच मान डोलावली. ऐकून झालं होतंच. आता बघण्याआधी कुर्लोबाने बॅटरीचा मुख्य खटका बंद करायला लावला आणि त्याची किल्ली आईच्या खिशात ठेवायला सांगितली. पंख्याजवळ हात असताना कुणी चुकून मोटर सुरू करू नये म्हणून.

आईने पायाच्या तळाचा स्क्रू काढून खाली पातेलं धरलं. आतलं तेल मधासारखं यायला हवं होतं. आला तो दूध जास्त झालेला चहा.

“हे इमल्शन (तेलात पाण्याचे बारीक थेंब अडकून झालेलं दुधाळ मिश्रण),” कुर्लोबा म्हणाला. “म्हणजे पायात पाणी शिरलंय. तेल चाकांच्या दात्यांमध्ये निसरडा पडदा धरतं. पाण्याला ते जमत नाही. दाते दात्यांवर घासतात आणि पाय कण्हतो.”

“पण पाणी शिरलं कुठून?” मी विचारलं.

“हा खरा प्रश्न. पहिला संशय मासे धरायच्या गळाच्या दोऱ्यावर. तो पंख्यामागे गुंडाळला जातो आणि तिथली रबरी कडी कापतो.”

आईने पंखा उतरवला. दोरा नव्हता. कडी धड होती.

दुसरी तपासणी मला फार आवडली, कारण त्यात माझी सायकल कामाला आली. म्हणजे सायकलचा पंप. आईने पायाला सगळीकडे साबणाचा फेस लावला आणि मी वरच्या भोकातून आत हवा भरू लागले.

“हळू,” कुर्लोबा म्हणाला. “टायर फुगवायचा नाहीये. याचा श्वास कुठून सुटतो, तेवढंच बघायचंय.”

पायाच्या खालच्या बाजूला रंगाचा एक फुगवटा होता. तिथे फेसाचा बुडबुडा आला. फुटला. परत आला. आईने तिथला रंग खरवडला तर खाली पांढरी पूड आणि त्या पुडीखाली सुई जाईल एवढं भोक. आईने त्या जागेवरून अंगठा फिरवला.

“कधीपासून सोसतंस रे बाबा,” ती पायाला म्हणाली. आई यंत्रांशी बोलते. यंत्रंही तिचं ऐकतात असं मला वाटतं, पण त्याला पुरावा नाही.

“भोक बुजवता येईल,” कुर्लोबा म्हणाला, “पण ते पडलं का, ते कळायला हवं. हा पाय ॲल्युमिनियमचा. त्याला वाचवायला जस्ताचा तुकडा असतो. तो कुठे आहे?”

“ह्यो बघ,” आईने तो पिवळा तुकडा दाखवला. “तो एकदम बरो असा. नव्यासारखो.”

कुर्लोबाने आपला कॅमेरा तुकड्याला जवळजवळ चिकटवला. “अजिबात झिजला नाही. विचित्र आहे. माझा कॅमेरा जुना, मला रंग दिसत नाहीत. ताई, हा असाच आला होता?”

“तसोच पिवळो इलो असतलो,” आई म्हणाली. “कंपनीतसूनच.”

पण तो कंपनीतून पिवळा आला नव्हता. आमच्याकडे नारळी पौर्णिमेच्या आधी प्रत्येक होडी नव्याने रंगवतात. रंगलेल्या होडीतूनच दर्याला नारळ द्यायचा, अशी रीत आहे. गेल्या वर्षी आईने पहिल्यांदाच माझ्या हातात ब्रश दिला होता. मला तो राखाडी, ओबडधोबड तुकडा बिचारा वाटला होता. म्हणून मी उरलेला पिवळा रंग त्याला एकदा नाही, तीनदा दिला होता.

बोलले नसते तर? भोक बुजवलं गेलं असतं, सोमवार पार पडला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. मी पंपाचा दांडा उगाचच वरखाली केला. पण एकटीच जेवायला बसलेली आई पुन्हा डोळ्यांपुढे आली, आणि पावसाळ्यात परत कण्हणारा हा पायही.

“आई, तो तुकडो मी रंगवलंय,” मी म्हणाले. “तीन हात दिलंय.”

आई वाकून तुकड्याकडे बघू लागली. कुर्लोबा मात्र ताठ झाला. “एक टब खाडीचं पाणी आणा,” तो म्हणाला.

टबात त्याने पितळी पंखा ठेवला आणि तो पिवळा तुकडा तारेने सोडला. आपल्या दोन तारांपैकी एक पंख्याला आणि एक तुकड्याला जोडली. त्याच्या छातीवर वीज मोजायचा एक काटा आहे. तो जागचा हलला नाही.

“आता रंग खरवड, शेवंती.”

मी सँडपेपर घेतला. माझा सुंदर पिवळा रंग गेला आणि आतलं राखाडी जस्त दिसू लागलं. तुकडा पुन्हा पाण्यात सोडला आणि काटा उडी मारून बाजूला गेला.

“वीज कुठून आली?” मी विचारलं. टबाला तर कुठलीच बॅटरी नव्हती.

“टबच बॅटरी झाला. प्रत्येक धातूत इलेक्ट्रॉन (विजेचे अतिसूक्ष्म कण) असतात. काही धातू ते घट्ट धरून बसतात, काही चटकन सोडतात. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले आणि खाऱ्या पाण्यात बुडले, की चटकन सोडणाऱ्याकडून दुसऱ्याकडे वीज वाहते. पण त्याची किंमत असते. जो इलेक्ट्रॉन सोडतो, तो कणाकणाने पाण्यात विरघळतो. याला गॅल्व्हॅनिक गंज (दोन धातूंच्या संगतीत त्यातल्या एकाचं झिजणं) म्हणतात. जस्त सगळ्यात आधी सोडतं, मग ॲल्युमिनियम, पितळ सगळ्यात शेवटी.”

मी थोडा वेळ विचार केला. आमच्या वर्गात बाईंनी “फळा कोण पुसणार?” विचारलं की उर्वेशचा हात सगळ्यात आधी वर जातो. तो असला की बाकीच्यांना उठावं लागत नाही. तो गैरहजर असला की बाईंची नजर माझ्यावर येते. जस्त म्हणजे उर्वेश. मी त्याला रंगाच्या खोलीत कोंडून घातलं होतं. पाण्याला तो दिसलाच नाही. मग पाळी आली बिचाऱ्या ॲल्युमिनियमवर.

हे मी कुर्लोबाला सांगितलं. तो म्हणाला, “पुस्तकात यालाच ॲनोड (आधी स्वतः झिजून शेजारच्या धातूला वाचवणारा तुकडा) म्हटलंय. पण उर्वेश हे नाव जास्त चांगलं आहे. या तुकड्याला नव्यासारखं राहायचा अधिकारच नाही. तो झिजत असेल तर समजावं, सगळं ठीक चाललंय.”

मी आईकडे बघायचं टाळत होते. तिने माझ्या हातातला सँडपेपर काढून घेतला. माझी बोटं पिवळी झाली होती.

“मीच तुका सांगितलंय ना, काय एक रंगवल्याशिवाय सोडू नको म्हणान,” ती म्हणाली. “माका तरी खय ठावक होता? तू आता बोललंस म्हणान रोग गावलो. गप रवलंस असतंस तर भोक बुजवून परत तोच रोग लागलो असतो.” मग ती हसली. “आणि तीन हात कित्याक गो? होडयेच्या छपराक एकच दिलंस.”

मला रडू आणि हसू एकदमच आलं.

मग दुपार कामात गेली. भोकाभोवतीचं ॲल्युमिनियम आईने चकचकीत होईपर्यंत घासलं आणि दोन नळ्यांतला लेप कालवून त्यात दाबून भरला. लेप वाळायला एक दिवस लागतो. रविवारी दुपारी आम्ही पुन्हा फेस लावला, पुन्हा पंप मारला. बुडबुडा आला नाही. मी तीनदा बघितलं. आतली चाकं ताज्या तेलाने धुऊन काढली आणि मग नवं तेल भरलं, तेही खालच्या भोकातून. वरून ओतलं तर हवा आत अडकते. खालून भरलं की तेल वर चढत हवेला बाहेर हाकलतं आणि वरच्या भोकातून तेल डोकावलं की काम झालं.

नवा जस्ताचा तुकडा सोसायटीच्या शेडमध्ये मिळाला. पाकिटात दोन होते. एक मी स्वतः बसवला, उघड्या धातूला उघडा धातू टेकवून. आईने पिवळ्या रंगाचा डबा उचलून माळ्यावर ठेवला.

दुसरा तुकडा हातात राहिला. तो कुठे ठेवावा म्हणून मी इकडेतिकडे बघत होते आणि माझी नजर कुर्लोबाच्या पाठीवर गेली. पांढरी पूड. पायावरची होती तशीच. मी फडक्याने ती पुसली. खाली बारीक बारीक खड्डे आणि मधोमध स्क्रूची दोन रिकामी भोकं. मी तुकडा त्यांच्यावर धरून पाहिला. भोकाला भोक जुळलं.

“कुर्लोबा,” मी म्हणाले, “तुझा उर्वेश कुठे आहे?”

त्याने कॅमेरा मागे वळवायला घेतला, पण तो अर्ध्यावरच अडला. “माझा कॅमेरा माझ्या पाठीपर्यंत वळत नाही,” तो म्हणाला. “बारा वर्षांत हजारो जहाजांचे तुकडे मी तपासले. माझा कुणी तपासलाच नसेल.”

“म्हणजे तू म्हातारा झालेला नाहीस. तुझा तुकडा संपला होता.”

“एवढ्या वर्षांत मला हे निदान सुचलं नाही,” तो म्हणाला. आईने पुन्हा लेप कालवायला घेतला.

सोमवारी ‘सातेरी’ चाचणीत पास झाली. पाय असा चालला की तपासनीसांनी मोटर सुरू आहे ना, असं विचारलं. नऊच्या नऊ मुलं त्याच होडीने घरी आली. त्या संध्याकाळी मी आणि आई जेवायला बसलो तेव्हा मी विनाकारण तीनदा भात मागून घेतला.

कुर्लोबाचे खड्डे बुजवायला, वाळवायला, पाठीवर तो दुसरा तुकडा बसवायला आणि लुळ्या पायाची तार बदलायला महिना गेला. शिमग्याच्या आदल्या दिवशी तो धक्क्याच्या पायऱ्यांवरून तिरका तिरका खाली गेला, शेवटच्या पायरीवर थोडा थांबला आणि पाण्यात उतरला. किती वर्षांनी, ते त्याने सांगितलं नाही. आई आणि मी धक्क्यावर पोटावर पडून बघत होतो. तो ‘सातेरी’च्या खाली दिसेनासा झाला. मग आईच्या फोनवर त्याचा आवाज आला.

“शेवंती, होडीचा तुकडा झिजायला लागलाय. कडा बोथट झाल्यात.”

“आणि तुझो?” आईने विचारलं.

पाण्याखालून उत्तर आलं. “शेवंतीलाच विचारा. माझी पाठ ती बघणार आहे, दर महिन्याला.”